सहावं गाणं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, धाकट्या बहिणीपाशीही नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं ती बिचारी आजही समजते. मग तुम्हालाच का सांगते आहे? नक्की सांगता यायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं शोधत बसले तर पुन्हा सांगायचं राहून जाईल, आणि राहू देणं हेच तर मी इतकी वर्षं करत आले आहे.

आधी एक कबूल करून टाकते. मी संशयी आहे. जन्मजात म्हणा, नाही तर धंद्यानं म्हणा. अमरावतीला मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वर्गात शिरल्याबरोबर कोणी पेन्सिल चोरली आणि कोणाचा निबंध मोठ्या भावानं लिहून दिलाय, हे मला तोंडांवरून कळायचं. दूधवाल्याचं माप, धोब्याची मोजणी, शेजारणीचं विनाकारण हसणं, काही म्हणजे काही माझ्या नजरेतून सुटत नसे. वडील वकील होते. म्हणायचे, ही पोरगा असती तर फौजदार झाली असती. मला ते कौतुक वाटायचं. कौतुकच असेल का ते? आता विचारायला वडील नाहीत.

तर वहीबद्दल सांगते.

हल्ली माझ्या भाचीची मुलगी फोन घेऊन बसते आणि कुठला सिनेमा पाहावा, कुठल्यावर वेळ घालवू नये, यावर कधीही न पाहिलेल्या माणसांशी तासन्‌तास भांडते. घरच्यांना तो चाळा वाटतो. मला वाटत नाही. आम्हीही तेच करत होतो. आमच्याकडे फोन नव्हता, वही होती. साठ साल उजाडायचं होतं अजून. कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानांची ती वही अमरावतीहून अकोल्याला जायची आणि अकोल्याहून परत यायची. आम्ही पाच जण तीत लिहायचो. पाहिलेल्या पिक्चरवर, म्हणजे तेव्हा आम्ही बोलताना पिक्चरच म्हणायचो आणि लिहिताना चित्रपट, जे वाटलं ते लिहायचं. शेवट फोडायचा नाही. खाली स्पष्ट मत द्यायचं: पाहा, पाहू नका, किंवा दुसरं काही काम नसेल तर पाहा. आणि बाजूला, डिंकानं, आपल्या तिकिटाचा दारावर फाडून दिलेला तुकडा चिकटवायचा. आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी लिहू नये म्हणून. हा नियम कोणी केला असेल, ओळखा. मीच.

वही माझ्या ताब्यात असे. बाबाराव ती नेत-आणत. ते दर्यापूरकडचे, घरची शेती भावाकडे सोपवून अमरावतीच्या एका पुस्तकांच्या दुकानात लागलेले. शाळांना क्रमिक पुस्तकं विकायला पंधरा दिवसांआड अकोल्याला जात. तिसरा मधुकर, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. अकोल्यात अन्वरभाई घड्याळजी होते. वही त्यांच्या दुकानात उतरायची. आणि पाचवी इंदूताई.

नव्या पिक्चरच्या रिळांची पेटी बहुतेक आधी आमच्याकडे यायची आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच पेटी अकोल्याला जायची. म्हणजे आमचं मत आधी, त्यांचं नंतर. आम्ही म्हणू ते पाहायचं, नको म्हणू ते नाही. त्यात एक ऐट होती. पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहणारी माणसं आम्ही! मी बायकांच्या बाजूला बाकावर, मधुकर आणि बाबाराव पलीकडे. मध्यंतरात एकमेकांकडे बघून भुवया उंचावायच्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर तावातावानं बोलायचं. एका अविवाहित मास्तरणीनं असं करावं, हे गावाला फारसं रुचत नव्हतं. पण वकिलांची मुलगी म्हणून तोंडावर कोणी बोलत नसे.

इंदूताई आमच्यात आली ती नवऱ्याच्या घड्याळापायी. दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला ती अन्वरभाईंच्या दुकानात गेली, तिथं वही पडलेली होती, ती तिनं उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं, मी लिहिलं तर चालेल का? नवरा शामराव एका जिनिंगच्या कचेरीत होता. माणूस वाईट नव्हता; बायकोला आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारच्या बायकांच्या खेळाला जायची त्यानं मोकळीक दिली होती. त्या काळात ती लहान गोष्ट नव्हती. शेजारपाजार त्याला त्यावरून टोचून बोलत. तरी तिची चार वर्षांची मुलगी तेवढे तीन तास आजीपाशी राही, आणि ही जाई.

आणि ती लिहायची... काय सांगू तुम्हाला? मी चांगलं लिहिते, हे मला माहीत होतं. माझी वाक्यं घोटीव असत. तिची तशी नसायची. पण आपण दोन-दोनदा पाहिलेल्या पिक्चरमध्ये जे आपल्याला दिसलंच नाही, ते तिला बरोबर दिसलेलं असायचं. नायक घरी येतो तेव्हा कुणी पाणी दिलं आणि कुणी दिलं नाही. भांडणाच्या प्रसंगात मागे उभी असलेली मोलकरीण कुठे बघते आहे. वाचलं की वाटायचं, पुन्हा जाऊन पाहावं. आधी वही आली की बाबाराव म्हणायचे, "बाई, तुमी काय लिवलं?" मग एक दिवस ते म्हणाले, "इंदूताईनं काय लिवलं पाहू?" आणि माझं पान न वाचता उलटलं. एवढंच. एवढ्यानं काही होतं का माणसाला?

मला झालं. जळफळाट झाला. आज त्याला दुसरं नाव देणार नाही.

इथं मला मागं जाऊन आणखी एक सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. त्याच्या आदल्या वर्षी एक पिक्चर मी पाहिला नव्हता. ताप होता, मग परीक्षेचे पेपर आले, आणि ते तपासून होईपर्यंत पिक्चर टॉकीजमधून गेला. वही माझ्याकडेच होती. वही सांभाळणाऱ्या बाईनंच पाहिला नाही, हे मला कसंसंच वाटलं. मी मधुकरकडून गोष्ट काढून घेतली, गाण्यांचं पुस्तक विकत आणलं (तेव्हा टॉकीजच्या दारात ते छोटं पुस्तक मिळायचं, गाणी आणि अर्धवट कथा छापलेलं) आणि दीड पान झकास लिहून काढलं. तिकिटाचा तुकडा? तो टॉकीजच्या पायरीवर सापडला. सकाळी शाळेला जाताना वाकून उचलला. कुणी बघितलं नाही. वहीत कुणाला शंका आली नाही. अन्वरभाईंनी तर शाबासकी लिहून पाठवली.

त्या दिवसापासून वहीतला प्रत्येक तुकडा मला खोटा दिसू लागला. मधुकरचा तुकडा मळलेला का? बाबारावांचा इतका स्वच्छ का? इंदूताईचे तुकडे तर मी भिंग लावून पाहायची. हसू नका. खरंच भिंग होतं वडिलांचं.

मग पुढच्या वर्षी दिवाळीत एक पिक्चर लागला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्याचाच विचार करत बसाल. आम्ही तिघांनी पहिल्या दोन दिवसांत पाहिला. गर्दी अशी की बायकांच्या बाजूला बाकाखालीसुद्धा पोरं. गाण्यांच्या पुस्तकात आठ गाणी होती, पडद्यावर सातच आली. सहावं आलं नाही. मधुकर त्याची वाट बघून बसला होता, कारण त्याचे शब्द त्याला आवडले होते. पण पुस्तकात असलेलं गाणं पडद्यावर नसणं, हे काही नवीन नव्हतं. छापताना असतं, पुढे गळतं. आम्ही तेवढं आपसात बोललो आणि सोडून दिलं. वहीत लिहिलंही नाही. मी 'पाहा' असं मत दिलं आणि वही अकोल्याला गेली. मागोमाग पेटीही गेली.

वही परत आली तेव्हा इंदूताईची तीन पानं होती, आणि ती तिन्ही सहाव्या गाण्यावर.

त्यातली काही वाक्यं मला आजही पाठ आहेत. तिनं लिहिलं होतं: "गाणं म्हणणारीचा चेहरा दिसतच नाही. दिसतात फक्त तिचे हात, सुपातले तांदूळ निवडणारे. खडा दिसला की बोटं थांबतात, गाणं थांबत नाही. बायकांचं रडणं असंच असतं, हे या माणसांना कोणी सांगितलं?" आणि शेवटी, "अमरावतीकरांनी या गाण्याबद्दल एक अक्षर लिहू नये याचं नवल वाटलं. याच्यासाठी पुन्हा पाहा."

वाचून मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. पकडली! असा, वर्गात चिठ्ठी पकडल्यावर होतो तसला आनंद. गाणं पिक्चरमध्ये नाहीच, हे आम्हा तिघांना माहीत. म्हणजे बाईनं पुस्तक वाचलं आणि घरबसल्या तीन पानं रचली. मी एकदा जे केलं, ते ही नेहमीच करत असणार. एरवी इतकं चांगलं लिहिता येतं का कुणाला?

पण थांबा. त्याच क्षणी आणखी एक विचार आला होता, तो मी लपवणार नाही. पुस्तकात तर नुसते शब्द होते. त्यात सूप नव्हतं, तांदूळ नव्हते. हात कुठून आले? हा प्रश्न माझ्यासारख्या संशयी बाईला पडला नसता तरच नवल. पडला होता. मी तो बाजूला सारला. जगात सगळ्यांवर संशय घेणारी मी, स्वतःच्या संशयावर एवढा एकदाच घेतला नाही.

मी तांबडी शाई काढली. तिच्या पानावर आडवं लिहिलं: "हे गाणं चित्रपटात नाही. लेखिकेने हा चित्रपट पाहिलेलाच नाही." आणि तिनं नीट चिकटवलेल्या तिकिटाच्या तुकड्याला गोल करून बाण काढला: "असे तुकडे टॉकीजच्या पायरीवर पडलेले मिळतात."

हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. पहिलं वाक्य अज्ञानातून आलं, असं कोणी म्हणू शकेल. दुसरं माझ्या माहितीतून आलं होतं.

बाबारावांनी वही उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाई, तांबड्या शाईनं काहून लिवलं जी? इंदूताई काय तुमच्या शाळेतली पोरगी हाये?"

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

"तुमी मनात आणलं का मंग झालंच," असं पुटपुटत त्यांनी वही पिशवीत घातली. सुटीचा दिवस होता, म्हणून अन्वरभाईंचं दुकान बंद. ते सरळ इंदूताईच्या घरी गेले आणि वही शामरावांच्या हातात देऊन आले. शामरावांनी ती वही तोवर कधी उघडली नव्हती. पण पानाबाहेर आलेली तांबडी शाई कोणालाही दिसावी अशीच होती.

तुम्हाला कळलं ना पुढे काय झालं ते? पुरुषाला कदाचित जरा वेळ लागेल. मला लागला नाही. पंधरा दिवसांनी बाबाराव पुन्हा अकोल्याला जाऊन आले आणि शाळेच्या फाटकाशी उभे राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. शामरावांनी बायकोला पिक्चरबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्यांनी एकच विचारलं होतं.

"तू पिच्चर पायला नाई म्हणते ही मास्तरीण, तर मंग त्या बुधवारी तीन घंटे तू होती कुठं?"

तिनं तिकीट दाखवलं. त्यांनी माझ्या बाणावर बोट ठेवलं.

वहीत मी लिहिलं होतं एका लेखिकेबद्दल, आणि वाचलं गेलं एका बाईबद्दल. मला ठाऊक नव्हतं का असं होऊ शकतं ते? मी बाई होते. स्वतः टॉकीजला जाताना चार घरांच्या खिडक्या माझ्या पाठीला टोचत असायच्या. लिहिताना हे मनात आलं नाही, असं म्हणेन मी. पण शपथेवर म्हणणार नाही.

चार दिवसांनी तिचं पत्र आलं. बंद पाकिटात, माझ्या शाळेच्या पत्त्यावर. रागाचा एक शब्द नव्हता. लिहिलं होतं की, गाणं मी पाहिलं आहे. तुमच्याकडे ते का दिसलं नाही, हे तुमच्या टॉकीजमध्ये विचारून पाहता का? आणि विचारून झाल्यावर दोन ओळी आमच्या ह्यांच्या नावानं लिहा. तुम्ही शिक्षिका आहात, वकिलांच्या कन्या आहात; ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतील. इथं माझ्या शब्दाला सध्या किंमत नाही. मला माहेरी पोचवायचं चाललं आहे. मुलीला पाठवणार नाहीत.

मी गेले. मंगळवार होता. शाळा सुटल्यावर टॉकीजच्या मागच्या जिन्यानं, ज्या जिन्यानं बायकामाणसानं कधी जायचं नाही तिथून, वर मशीनच्या खोलीपाशी गेले. ऑपरेटर हातात रीळ घेऊन उभा होता. मला बघून बावरला. मी विचारलं. तो हसला.

"हो बाई, होतं नं गाणं. दिवाळीच्या गर्दीत तिनाच्या जागी चार खेळ कराले सांगतलं मालकानं. टाइम बसत नव्हता. मंग ते गाणं काढून ठेवलं म्या डब्यात. पेटी अकोल्याले जाताना जोडून देल्लं पुन्हा. मालकाले सांगू नका जी."

म्हणजे असं होतं सगळं. पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहण्याची आमची ती ऐट! आठ दिवस थांबून निवांत पाहणाऱ्या अकोल्याच्या बाईनं पिक्चर आख्खा पाहिला होता. अर्धवट पाहिला होता आम्ही.

घरी आले. पोस्टकार्ड काढलं. शामरावांचा पत्ता लिहिला. 'स. न. वि. वि.' लिहिलं. 'आपल्या पत्नीने' एवढं लिहिलं आणि थांबले.

का थांबले? इतकी वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि दर वेळी निराळं उत्तर मिळतं. गाणं होतं, असं लिहिलं तर बाण परत घ्यावा लागेल. बाण परत घेतला तर बाबाराव विचारतील, मधुकर विचारेल, बाई, पायरीवर तुकडे मिळतात हे तुम्हाला कसं हो माहीत? त्यांनी विचारलं नसतं. ती भली माणसं होती. पण संशयी माणसाला वाटत असतं की अवघं जग आपल्यासारखंच भिंग घेऊन बसलं आहे. हे एक. दुसरं, मी चुकले हे इंदूताईला कळेल. आणि तिसरं... तिसरं हे की, ती वहीतून गेली होती आणि मला बरं वाटत होतं. हे सगळ्यात खाली होतं. पण होतं.

उद्या लिहू म्हटलं. मग शनिवारी बाबारावांच्या हाती देऊ म्हटलं. शनिवारी ते पिशवी घेऊन आले. दारातच उभे राहून म्हणाले, "अकोल्याले जाऊन राहिलो. काई सांगाचं हाये का बाई, शामरावले?"

मी म्हटलं, "नाही."

एका अक्षराची भर नाही. नुसतं 'नाही'. त्यांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि गेले.

इंदूताईला माहेरी पोचवलं. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला तिच्या वडिलांचं गाव होतं. आठ-नऊ महिने ती तिथं होती आणि मुलगी अकोल्याला. पुढे मुलगी फार आजारली, कोणाच्या हातून खाईना, तेव्हा तिला परत आणलं. हे मला अधूनमधून बाबारावांकडून कळे. मी विचारत नसे, ते सांगत. आणि सांगताना माझ्या तोंडाकडे पाहत नसत. परत आली, पण बुधवार गेला. पिक्चर बंद, वही बंद, अन्वरभाईंच्या दुकानाची पायरी बंद. घड्याळ न्यायला शामराव स्वतः जाऊ लागले. आमची वही नंतर चार-सहा महिने ओढूनताणून चालली. कोणालाच लिहावंसं वाटेना. मग तीही थांबली.

इथं संपवता आलं असतं. पण मुख्य गोष्ट अजून पुढेच आहे.

सात-आठ वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मला अकोल्याला जावं लागलं. रविवारी दुपारी मोकळी होते. आणि मी इंदूताईच्या घरी गेले. पश्चात्ताप झाला म्हणून गेले असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. तिला काय काय माहीत आहे, ते मला पाहायचं होतं. हो, तपासायलाच गेले होते.

तिनं मला ओळखलं नाही. आम्ही एकमेकींना कधी पाहिलंच कुठे होतं? नाव सांगितलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं आणि मग ती हसून म्हणाली, "या ना बाई. उन्हाच्या आल्या." माझ्यापेक्षा लहान असून मोठी दिसत होती. शामराव पेपर वाचत बसले होते. त्यांनी उठून खुर्ची दिली. मुलगी आता मोठी झाली होती. आतल्या खोलीत मोठ्यानं पाढे... नाही, पाढे नव्हेत, कविता पाठ करत होती. चहा आला. पाऊसपाणी, शाळा, परीक्षा असं काहीबाही बोलणं झालं. मला वाटलं, सुटले. विसरली आहेत ही माणसं.

तेवढ्यात शामरावांनी पेपरची घडी घातली. चष्मा काढला. त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. उलट, अडखळत होता.

"बाई, एक इचारू का? वाईट वाटून घेऊ नका. ते गाणं... होतं का हो त्या पिच्चरमंधी?"

आतली कविता चालूच होती. इंदूताई दाराशी उभी होती, हातात रिकामा ट्रे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मागणं नव्हतं त्या बघण्यात. नुसतं पाहत होती.

मला दिसत होतं सगळं. हा माणूस आठ वर्षं तेच धरून बसला होता. बायकोला परत आणलं, संसार केला, आणि मनातून ते काढू शकला नाही. त्याला ते काढायचं होतं. म्हणून तर विचारत होता. माझ्या एका 'हो'नं ते सुटलं असतं, त्याचंही आणि तिचंही. आणि माझं काय गेलं असतं? काही नाही. वही नव्हती, बाबाराव नव्हते, मधुकर नागपूरला गेला होता. मला आता घाबरायला कोणीही उरलं नव्हतं. पण 'हो' म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार: मग तेव्हा का नाही सांगितलं?

मी म्हटलं, "किती वर्षं झाली हो त्याला. आता काही आठवत नाही."

"नाई का," शामराव म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "बराबर हाये. कोणाले आठवते एवढं."

मला सहावं गाणं शब्दन्‌शब्द पाठ होतं. तेव्हाही. आजही आहे.

"चहा निवून राहिला, बाई. घ्या," इंदूताई म्हणाली. मी चहा घेतला. पुरता प्याले.

निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत पोचवायला आली. रस्त्यावर ऊन रणरणत होतं, कोणी नव्हतं. मला वाटलं, आता रडेल, नाही तर बोलेल काही. ती फाटकाची कडी हातात धरून, घरात ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली:

"तो तुमच्या टॉकीजचा ऑपरेटर आता इथंच लागला हाये, अकोल्यात. त्यानं अन्वरभाईले सांगतलं, अन् अन्वरभाईनं माझ्या पोरीच्या हाती निरोप देल्ला होता मले. तुमी मंगळवारी इचारून गेल्या होत्या म्हणे, माझं पत्र भेटल्यावर."

ती सांगतच राहिली.

"कधीचं माहीत हाये मले. पण घरात ह्यायले सांगून काय उपयोग? टॉकीजवाल्याशी तुझी वळख कशी, असं म्हणले असते. तुमचाच शब्द पाहिजे होता." मग ती म्हणाली, "आज तुमी आल्या, तं मले वाटलं, सांगाले आल्या."

मग तिनं रस्त्याकडे पाहिलं आणि मला गाडीची आठवण दिली. उशीर होईन, म्हणाली. मी "येते" म्हटलं आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

घर दहा पावलांवर होतं. शामराव आत बसलेले होते. मी परत फिरले नाही.